नवशिक्याला क्रूझर मानवते का?

कोल्हापूरच्या पूर्व अंगाला, पुणे-बंगळूर महामार्गाला खेटून असलेले उचगाव आता निम्मे गाव आणि निम्मे उपनगर झाले आहे. शेजारी गांधीनगरची कापडपेठ, दक्षिणेला थोड्या अंतरावर गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत, गावातून हुपरीकडे जाणारा रस्ता आणि दुचाकीवरून सहज गाठता येईल असे शिवाजी विद्यापीठ. अशा गावात मूल महाविद्यालयात गेले की पहिल्याच वर्षी घरात एक वाद हमखास होतो, आणि तो विषयनिवडीचा नसून गाडीचा असतो. वडील शंभर सीसीची साधी गाडी सुचवतात, मुलाच्या मनात बुलेट असते, आणि तडजोड म्हणून गेली काही वर्षे एक तिसरे नाव पुढे येते: लहान क्रूझर. दिसायला भारदस्त, बसायला बुटकी, इंजिन बेताचे. दोन्ही पक्षांचे समाधान करणारी ही तडजोड नव्या चालकाला खरोखर मानवते का, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

साहित्यसमीक्षेच्या पानावर मोटारसायकल कशाला, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर दोन भागांत आहे. एक तर या पानाचे बहुसंख्य वाचक विद्यार्थी आणि शिक्षक आहेत, आणि महाविद्यालयाच्या वाहनतळावर उभ्या असलेल्या गाड्यांशी त्यांचा संबंध ग्रंथालयाइतकाच रोजचा आहे. दुसरे असे की हा प्रश्न ज्या शब्दांत विचारला जातो, ते शब्द तपासून घेण्याची सवय साहित्याच्या अभ्यासकाला असते आणि ती येथे उपयोगी पडते.

शब्दापासूनच आरंभ करू. आमच्या भागात ‘क्रूझर’ हा शब्द रुळला तो फोर्स मोटर्सच्या प्रवासी गाडीमुळे. लग्नाचे वऱ्हाड, जोतिबाची यात्रा, देवदर्शनाच्या सहली ज्या गाडीत दाटीवाटीने होतात, ती क्रूझर. मोटारसायकलीच्या संदर्भात तोच शब्द नेमका उलट चित्र उभे करतो: एकटा माणूस, रिकामा रस्ता, पुढे ताणलेले पाय आणि कसलीही घाई नाही. मुळात हा शब्द समुद्रावर गस्त घालणाऱ्या जहाजाचा. अमेरिकेतल्या लांबलचक, सरळ महामार्गांवर तो मोटारसायकलीला चिकटला. तिकडे नेहमीची क्रूझर आठशे, हजार, पंधराशे सीसीची असल्यामुळे नवशिक्यासाठी वेगळी लहान क्रूझर लागली. होंडाची रेबेल २५० ही १९८० च्या दशकात आलेली गाडी तिथल्या चालक-प्रशिक्षण वर्गांत वर्षानुवर्षे वापरली गेली. ‘लहान क्रूझर नवशिक्याला योग्य का?’ हा प्रश्न त्या भूमीत जन्मला. आपल्याकडे तो अनुवादित होऊन आला आहे, आणि अनुवादात संदर्भ कसे निसटतात हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. तिकडे नवा चालक मोटारीतून उतरून थेट मोटारसायकलीवर येतो. उचगावचा नवा चालक सायकलीवरून, मोपेडवरून, काकांच्या स्प्लेंडरवरून येतो. तिकडे २५० सीसी म्हणजे लहान. आपल्याकडे १५० सीसीची गाडीही घरातली मोठी गाडी असू शकते.

हा अनुवाद प्रत्यक्ष धातूत उतरवण्याचे काम मात्र मोठ्या प्रमाणावर महाराष्ट्रातच झाले. बजाज ऑटोने कावासाकीच्या साहाय्याने २००१ साली एलिमिनेटर ही १७५ सीसीच्या वर्गातली क्रूझर आणली. ती महाग होती आणि फार चालली नाही. तिचाच वारसा घेऊन २००५ साली १८० सीसीची अ‍ॅव्हेंजर आली, २००७ मध्ये ती २०० सीसीची झाली आणि २०१० मध्ये २२० ची. पुढे २०१५ साली कंपनी उलट दिशेने वळली आणि तिने अ‍ॅव्हेंजर स्ट्रीट १५० काढली. २०१८ मध्ये तिची जागा १८० ने घेतली, २०१९ मध्ये १६० ने. यामाहाने त्याआधीच, दोन हजारच्या दशकाच्या आरंभी, एंटायसर ही १२५ सीसीची क्रूझर आणून पाहिली होती. सुझुकीने २०१७ मध्ये १५० सीसीची इंट्रूडर आणली. दोन्ही गाड्या बंद झाल्या. हा वर-खाली होणारा आलेख पाहिला की एवढे कळते की आपल्या रस्त्यांना आणि खिशांना नेमकी केवढी क्रूझर मानवते, हे बनवणाऱ्यांनाही पटकन ठरवता आलेले नाही.

आता गाडीकडे गाडी म्हणून पाहू. लहान क्रूझरच्या बाजूने जे म्हटले जाते त्यात तथ्य आहे. पहिला गुण आसनाच्या उंचीचा. अ‍ॅव्हेंजरचे आसन जमिनीपासून ७३७ मिलिमीटरवर आहे, स्प्लेंडरचे ७८५ वर आणि रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० चे ८०५ वर. हे पाच-सात सेंटिमीटर कागदावर क्षुल्लक वाटतात. चढावर, सिग्नलला, मागे माणूस बसलेला असताना गाडी थांबवायची वेळ आली की त्यांचे मोल कळते. ‘पाय टेकतात का बघ’ हा गाडी दाखवताना घरातल्या वडीलधाऱ्यांनी दिलेला पहिला सल्ला असतो, आणि तो शहाणपणाचा आहे. नवशिक्या पडतो तो बहुधा वेगात नव्हे, थांबता-थांबता. दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले की ही भीती निम्मी होते.

दुसरा गुण इंजिनाच्या स्वभावाचा. क्रूझरचे इंजिन कमी फेऱ्यांत ओढ देईल असे बसवलेले असते. क्लच सोडताना चूक झाली तरी गाडी लगेच बंद पडत नाही आणि रेस जास्त झाली तरी उसळी घेत नाही. तिसरा गुण बसण्याच्या ढबीचा. पाठ सरळ, हात सैल आणि नजर समोर राहिल्यामुळे स्वार पुढे वाकत नाही, आणि वाकलेल्या माणसाला जी घाई सुचते ती त्याला सुचत नाही. चौथी गोष्ट कायद्याने दिलेली आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस म्हणजे चाक जाम होऊ न देणारी ब्रेकयंत्रणा सक्तीची झाली. १६० किंवा २२० सीसीची क्रूझर या नियमात बसते. शंभर सीसीच्या गाडीला याच सुमारास दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी साधी जोडयंत्रणा पुरेशी मानली गेली. मात्र विद्यार्थी पुष्कळदा जुनी गाडी घेतात, आणि २०१९ च्या आधीच्या अ‍ॅव्हेंजरला हे संरक्षण नाही. जुनी क्रूझर स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्याने तिच्या जन्मसालाकडे आधी पाहावे आणि रंगाकडे मागाहून.

दुसरी बाजू मात्र तितकीच ठोस आहे. जे रूप गाडी उभी असताना नवशिक्याला धीर देते, तेच ती हळू चालू लागली की त्याला अडचणीत आणते. अ‍ॅव्हेंजरच्या दोन चाकांमधले अंतर १४९० मिलिमीटर आहे, स्प्लेंडरचे १२३६. ही पंचवीस सेंटिमीटरची जास्तीची लांबी आणि पुढे झुकवलेले फोर्क यांमुळे गाडी सरळ रस्त्यावर स्थिर राहते, पण अरुंद जागी वळताना मोठे वर्तुळ मागते. हळू वेगात हँडल स्वतःच कडेला पडू पाहते आणि ते सावरायला हाताला जोर लावावा लागतो. महामार्गाच्या पुलाखालून बाहेर पडून सेवारस्त्यावर वळणे, गांधीनगरच्या पेठेत टेम्पो आणि हातगाड्यांमधून वाट काढणे, गल्लीत एका दमात गाडी फिरवणे हे उचगावच्या स्वाराचे रोजचे चालवणे आहे. सरळ, मोकळा रस्ता त्याच्या वाट्याला फार थोडा येतो.

पाय पुढे असण्याचा आणखी एक परिणाम खरेदीच्या वेळी कोणाच्या लक्षात येत नाही. साध्या गाडीवर पाय शरीराच्या खाली असतात. खड्डा किंवा गतिरोधक आला की स्वार फूटरेस्टवर किंचित उठतो आणि धक्का गुडघ्यांत जिरवतो. क्रूझरवर असे उठता येत नाही आणि धक्का थेट मणक्यात जातो. पुढे पसरलेल्या पायांनी तोल सावरणेही साधत नाही. गाडी चालवणे हे मुख्यतः शरीराने तोल राखायला शिकणे आहे, आणि क्रूझर स्वाराला आरामखुर्चीत बसवून या शिक्षणातला मोठा भाग काढून घेते. वजनाचेही तसेच. अ‍ॅव्हेंजर २२० सुमारे १६० किलोची, स्प्लेंडर ११२ किलोची. वजन खाली असल्यामुळे क्रूझर चालताना हलकी वाटते, पण चिखलात कलंडली की पन्नास किलोंचा फरक लपत नाही.

हा सगळा तपशील गंभीरपणे घ्यावा असे आम्ही म्हणतो त्याला कारण आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. त्याच वर्षी हेल्मेट न घातलेल्या पन्नास हजारांहून अधिक लोकांचा जीव गेला. ही स्थिती असताना नवशिक्याने कोणत्या पायरीवरून आरंभ करावा याविषयी आपला कायदा जवळजवळ मौन बाळगतो. युरोपीय देशांत २०१३ पासून लागू असलेल्या व्यवस्थेत आधी १२५ सीसी आणि ११ किलोवॉटपर्यंतची गाडी, मग ३५ किलोवॉटपर्यंतची आणि शेवटी कोणतीही, असे टप्पे आहेत. जपानमध्ये ४०० सीसीच्या वर वेगळा परवाना लागतो. आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतची दुचाकी चालवता येते आणि अठराव्या वर्षी ‘गिअरसह मोटारसायकल’ हा परवाना मिळाला की शंभर सीसी आणि हजार सीसी यांत कायदा भेद करत नाही. शिडी कायद्याने दिलेली नाही, म्हणून ती घरात तयार करावी लागते. पहिली गाडी कोणती घ्यायची हा निर्णय हीच आपल्याकडची शिडी, आणि म्हणून तो हौसेवर सोडून चालत नाही.

हौस मात्र बलवान असते, आणि तिला शब्द पुरवणारे पुष्कळ असतात. अ‍ॅव्हेंजरच्या एका काळच्या जाहिरातीत स्वाराला देव झाल्यासारखे वाटेल असे आश्वासन होते. जाहिरात म्हणून ते चतुर होते. परंतु रस्त्यावर नव्याने आलेल्या माणसाला जे वाटायला हवे त्याच्या ते अगदी विरुद्ध आहे, कारण आपल्याला लागू शकते ही जाणीव ठेवूनच त्याला चालवायचे असते.

साहित्यातल्या मोटारसायकलींची आठवण येथे काढणे अप्रस्तुत होणार नाही. चे गव्हेरा आणि अल्बर्टो ग्रानाडो १९५२ साली दक्षिण अमेरिकेच्या प्रवासाला निघाले ते ५०० सीसीच्या जुन्या नॉर्टनवर. तिचे नाव होते ‘ला पोदेरोसा’, म्हणजे बलवती. ती चिलीत कायमची बंद पडली आणि उरलेला प्रवास तिच्याविना झाला. टी. ई. लॉरेन्स हा कसलेला चालक, त्याची ब्रफ सुपीरियर सुमारे हजार सीसीची. १३ मे १९३५ रोजी रस्त्यातल्या उताराआड दडलेल्या दोन सायकलस्वार मुलांना चुकवताना तो फेकला गेला आणि सहा दिवसांनी वारला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांतले मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे सैन्यातल्या मोटारसायकल-निरोप्यांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि १९४१ साली हेल्मेटच्या उपयोगावर लिहिले. याउलट, मोटारसायकलीवरच्या सर्वांत गाजलेल्या पुस्तकाचा, म्हणजे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स’चा लेखक रॉबर्ट पर्सिग १९६८ साली मुलाला मागे बसवून अमेरिकेच्या अर्ध्याअधिक भूमीवरून गेला तो ३०५ सीसीच्या होंडावर, जी अमेरिकी मापाने लहानच होती. तीन उदाहरणांवरून सिद्धांत मांडण्याचा मोह आम्ही टाळतो. पण लांबच्या प्रवासाला मोठी गाडीच लागते, या समजुतीला या इतिहासात फारसा आधार नाही एवढे खरे.

‘एंट्री-लेव्हल’ या शब्दाबद्दलही दोन शब्द. हा शब्द गाडीला दार ठरवतो: आत शिरा आणि वरच्या मजल्यावर चला. लहान क्रूझर घेणारा पुष्कळदा ती मनाने घेतच नाही. ती दोन वर्षांनी विकून बुलेट घ्यायची असे तो पहिल्या दिवशीच ठरवतो. परिणामी तो तिची निगा राखत नाही, तिच्या मर्यादा शिकत नाही आणि मोठ्या गाडीची नक्कल म्हणून तिचा सायलेन्सर तेवढा बदलतो. मराठी समीक्षेत लघुकथेला दीर्घकाळ असेच वागवले गेले. कथा म्हणजे कादंबरीची तालीम, असा समज होता. जी. ए. कुलकर्णी यांची सारी कीर्ती कथांवर उभी आहे, आणि त्यांच्या कथेला कोणी तालीम म्हणू धजत नाही. लहान गाडीकडे असेच पाहता आले पाहिजे. ती कशाची तरी पूर्वतयारी म्हणून घेतली तर वाया जाते. आपल्या अंतराला, अंगाला आणि रस्त्याला पुरेशी आहे म्हणून घेतली तर ती वर्षानुवर्षे साथ देते.

याच कारणाने एका वर्गाच्या बाबतीत आमचे मत स्पष्टपणे अनुकूल आहे. गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत, गिरगावात किंवा डोंबिवलीत, नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे दरवर्षी छापली जातात. ती कौतुकाची आहेत, पण दुसऱ्या दिवशी त्याच वयाच्या बहुतेक मुली स्कूटरवर दिसतात. गिअरची मोटारसायकल पुरुषाची, हा संकेत कायद्यात कोठेही नाही. तो बराचसा आसनाच्या उंचीत आणि गाडीच्या वजनात दडलेला आहे. बेताच्या उंचीच्या मुलीला, आणि तितक्याच उंचीच्या मुलालाही, ७८५ किंवा ८०५ मिलिमीटरच्या आसनावरून फक्त चवड्यांवर तोल सांभाळावा लागतो. त्यांच्यासाठी बुटके आसन ही चैन नाही, गिअरच्या गाडीपर्यंत पोचण्याची ती वाट आहे. येथेही वजनाकडे पाहावेच. २०२० साली आलेल्या मीटिऑर ३५० चे आसन ७६५ मिलिमीटरवर आहे, पण गाडी १९१ किलोची आहे. पाय टेकणे आणि गाडी पेलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून नव्या हातांसाठी आम्ही १५० ते २२० सीसीच्या वर्गातली क्रूझरच सुचवू.

इतरांसाठी आमचे मत असे. ज्याचे पाय साध्या गाडीवर नीट टेकतात, त्याने क्रूझर ही पहिली गाडी करू नये, दुसरी करावी. घरातल्या शंभर सीसीच्या गाडीवर एक पावसाळा आणि एक गळीत हंगाम काढावा. पावसाळ्यात निसरड्या रस्त्यावर ब्रेक किती हळुवार लावायचा हे हाताला कळते. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर ओलांडायला किती मोकळा रस्ता लागतो, रात्री मागे दिवा नसलेली ट्रॉली किती उशिरा दिसते आणि शेतातून चाकांबरोबर आलेला चिखल वळणावर काय करतो, हे डोळ्यांना कळते. पंधरा अश्वशक्तीच्या आसपासची लांब, जड क्रूझर घेऊन हे धडे प्रथमच गिरवणे धोक्याचे आहे. तिची शांत ढब स्वाराला निर्धास्त करते आणि ओलांडण्याच्या क्षणी हवी असलेली ओढ तिच्यात बेताचीच असते.

वर्षभरानंतरही क्रूझरच आवडत असेल तर ती अवश्य घ्यावी. मात्र दुकानासमोरच्या सरळ रस्त्यावरची फेरी पुरेशी मानू नये. गाडी आपल्या गल्लीत आणावी, पाय न टेकता एका दमात फिरवून पाहावी, रोजच्या वाटेवरच्या दोन-चार गतिरोधकांवरून न्यावी, इंजिन बंद करून हाताने मागे ढकलून लावावी आणि घरातले जे माणूस रोज मागे बसणार त्याला बसवून पाहावे. या चाचणीतून गाडी आणि चालक दोघेही पार पडले तर ‘लहान’ या विशेषणाचे ओझे बाळगण्याचे कारण उरत नाही. आणि हप्त्यांचा हिशेब मांडताना त्यात चांगल्या हेल्मेटची किंमत पहिल्या ओळीत धरावी, मागे बसणाऱ्याच्या हेल्मेटसकट.